दांडीसकट लांबी

आधीच सांगून ठेवतो, मी मोजण्यात चुकत नाही. भूमापन खात्यात छत्तीस वर्षं काढली आहेत. सख्खे भाऊ एकमेकांवर विळे घेऊन उभे असताना मधल्या बांधावर मी शांतपणे फीत ताणलेली आहे, आणि माझा आकडा कुठल्याही कोर्टात खोटा ठरलेला नाही. तेव्हा कुंभकोणमात आमच्या रस्त्यावर गेले चार महिने जे बोललं जातंय, की नरसिंह रावांना स्वतःची गाडी मोजता आली नाही, ते मला मान्य नाही. मी बरोबर मोजली होती. फक्त काय मोजायचं याबद्दल सरकारचं आणि माझं एकमत नव्हतं.

दुसरं माझ्या मराठीबद्दल. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले ते मराठी सोबत घेऊन आले, आणि नंतर त्या मराठीत काय काय बदललं हे विचारायला कोणी परत गेलं नाही. घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो. ही हकीकत मी तुमच्या पद्धतीच्या मराठीत लिहितो आहे. ती मी अलीकडेच शिकलो, आणि शिकायची फी म्हणून माझ्या गाडीचे चार फूट गेले. ते कसे गेले, तेच सांगायचं आहे.

माझी मुलगी गायत्री पुण्यात असते. लग्न होऊन तीन वर्षं झाली. तिला सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमची रीत, पण मुलीला माहेरी येता येत नाही आणि तिची आई, म्हणजे आमची कामाक्षी, दोन वर्षांपूर्वी गेली. माहेर म्हणून जे काही उरलं आहे ते मी. मग मीच तिकडे जावं, हे कोणालाही सुचेल. पण आमच्यात दुसरीही एक रीत आहे. लेकीला पहिलं मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही. कामाक्षीने ती इतकी कडक पाळली की एकदा जावयाच्या घरी पाणी प्यायची वेळ आली तेव्हा तिने घरून नेलेली बाटली काढली होती. ती असती तर एखादे वेळी मी वाद घातला असता. ती नाही, मग वाद कोणाशी घालणार?

हॉटेलात उतरता आलं असतं. पण हॉटेलातून रिक्षा करून मुलीच्या दाराशी जायचं, बेल वाजवायची आणि चहासुद्धा न घेता परत यायचं, हे काही बापाचं येणं नव्हे. तिरुक्करुगावूरच्या देवीचं सुपारीएवढ्या बाटलीतलं तेल बाळंतपणासाठी न्यायचं होतं, त्यावर शेजारचे अनंतकृष्ण म्हणाले, "राव सार, तेल कुरिअरने जातं." जातं, मला ठाऊक आहे. मी ती बाटली महिनाभर देवघरात ठेवली होती आणि कुरिअरवाल्याच्या दुकानावरून रोज चालत जात होतो.

खरं सांगायचं तर घरात त्या दिवसांत मी आणि फ्रीज असे दोघंच आवाज करत होतो. त्यातही फ्रीज जास्त. सकाळी कॉफीचं फिल्टर लावलं की दुपारपर्यंत काय करायचं याचा विचार, आणि दुपारनंतर सात वाजायची वाट बघणं. संध्याकाळी सातला गायत्रीचा फोन यायचा. "अप्पा, जेवण काय केलंत?" ती विचारायची. मी रोज काहीतरी वेगळं सांगायचो, कारण रोज दहीभात सांगितला तर ती काळजी करते.

तर याच अनंतकृष्णांनी एका सकाळी मला त्यांच्या फोनवर एक चित्रफीत दाखवली. एक गोरा म्हातारा आपल्या मोटारीमागे एक चाकांचं घर जोडून डोंगरातून चालला होता. थांबला की घर उघडायचं, आत चूल, पलंग, खिडकीला पडदा. अनंतकृष्ण हे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी ती करमणूक म्हणून दाखवली होती. मी ती तीनदा बघितली आणि मला एकदम सगळं दिसलं. स्वतःचं छप्पर, स्वतःचा तांदूळ, स्वतःचं पाणी. पुण्यात मुलीच्या सोसायटीच्या फाटकाशी लावलं की झालं. तिच्या घरी मी जेवत नाही, रीत मोडत नाही, आणि तिला माहेरी यायला शंभर पावलं पुरतात.

खात्याची एक जुनी जीप मी लिलावात घेतलेली होती, ती अजून बैलासारखी ओढते. प्रश्न घराचा होता. पापनाशमच्या अलीकडे सुंदरेश नावाचा एक माणूस ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या बनवतो. त्याच्याकडे गेलो. त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि तमिळमध्ये विचारलं, "काय भरणार सार? भात की ऊस?"

"मी," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढंच?"

मला तो प्रश्न लागला. पण माणूस कामाचा होता. त्याच्याकडे मंजूर झालेलं एक ड्रॉइंग होतं, त्याप्रमाणे बनवलं तर नोंदणीला त्रास नाही म्हणाला. ड्रॉइंगवर लांबी लिहिली होती पाच मीटर वीस. सुंदरेश पेन्सिल कानामागून काढत म्हणाला, "सार, हे पाच वीस पुढची ओढायची दांडी धरून की सोडून, ते एकदा आरटीओत विचारून येऊ का?"

आता बघा. छत्तीस वर्षं मोजणीत घालवलेल्या माणसाला एक ट्रॉलीवाला लांबी म्हणजे काय हे विचारायला सांगतो. मी त्याला म्हणालो, "घराची लांबी मोजताना कोणी दारातली रांगोळी मोजतं का?" त्याने पेन्सिल परत कानामागे खोचली. घर पाच मीटर वीसचं झालं, आणि त्याच्या पुढे एक मीटर वीसची दांडी. माझा हिशेब असा होता, आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

पत्रा चढला, खिडक्या बसल्या. एक दिवस जाऊन बघतो तर आत दोन बाक. एक कडेला लांबट आणि एक मागच्या भिंतीला आडवा. मी एकच सांगितला होता.

"एकट्या माणसासाठी घर कोण करतं सार?" सुंदरेश म्हणाला. "अम्मा येतील ना बरोबर?"

मी "हो" म्हणालो. का म्हणालो कोणास ठाऊक. "नाहीत" म्हटलं असतं तर कधी, कशाने, हे सगळं त्या पत्र्याच्या ढिगात उभं राहून सांगावं लागलं असतं. शिवाय तो बाक दिसायला छान होता. त्यावर कामाक्षीची जुनी सतरंजी बरोबर बसली.

गाडी घरासमोर आणून उभी केली त्या दिवसापासून मला घरात एकटं बसायची सोय राहिली नाही. ती बघायला रोज माणसं यायची. तिरुभुवनम्‌च्या विणकर सोसायटीतले दोघं आले आणि साड्यांच्या फिरत्या प्रदर्शनाला ही भाड्याने मिळेल का म्हणून विचारून गेले. एक म्हातारा खिडकीशी उभा राहून दोन कॉफी मागत होता. हे कॉफीचं दुकान नाही म्हटल्यावर "मग खिडकी कशाला ठेवली?" म्हणून रागावला. समोरच्या सुब्बलक्ष्मीअम्मांनी सांगितलं की दार दक्षिणेला येतंय. मी म्हणालो, "अम्मा, हिला चाकं आहेत, दार कुठेही येईल." त्या म्हणाल्या, "मग उत्तरेला तोंड करून लावत जा," आणि ते मात्र मला पटलं. मला सगळ्यांचा उपद्रव होत होता असं मी फोनवर गायत्रीला सांगायचो. खरं म्हणजे दोन वर्षांत माझ्या दाराशी एवढी माणसं आली नव्हती, आणि मी सकाळी लवकर दाढी करून बसायला लागलो होतो.

अनंतकृष्ण मात्र चिंतेत होते. हे प्रकरण आपण दाखवलेल्या चित्रफितीतून निघालं याची त्यांना जबाबदारी वाटत होती. एके दिवशी ते कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "राव सार, मोटारीमागे घर ओढायचं तर लांबीचा कायदा असतो. मोटार किती, घर किती, दोन्ही मिळून किती, प्रत्येक राज्याचं वेगळं." त्यांनी इंटरनेटवरून सगळं छापून आणलं होतं, तांबड्या शाईने अधोरेखित करून. हेडमास्तरच ते. आम्ही दोघांनी चष्मे लावून संपूर्ण दुपार तो गठ्ठा वाचला. कुठल्या राज्यात मोटार आणि दोन गाड्या एकामागून एक ओढल्या तर किती फूट चालतं, कुठल्या राज्यात दुसरी गाडी ओढायला मनाईच आहे, घराला मागे होडी जोडली असेल तर काय, असं सगळं त्यात होतं. संध्याकाळी चारच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की हे अमेरिकेतल्या पन्नास राज्यांचे नियम आहेत. कुंभकोणमहून पुण्याला जाताना त्यातलं एकही राज्य लागत नाही. अनंतकृष्ण म्हणाले, "तत्त्व समजून घेणं महत्त्वाचं," आणि कागद माझ्याकडेच ठेवून गेले.

नोंदणीला जायच्या आधी गाडी चालवून बघावी म्हणून मी एक सकाळ निवडली. सरळ रस्त्यावर जीप आणि घर दोघं गुण्यागोविंदाने चालतात. वळणावर मात्र दोघांची मतं वेगळी होतात. देवळामागच्या अरुंद गल्लीत मी जीप डावीकडे घातली आणि घर उजव्या भिंतीला जाऊन भिडलं. पुढे जाता येईना, मागे घ्यावं तर मागे देवाची पालखी उभी. उत्सवमूर्ती, भोई, छत्री, नादस्वरवाले, सगळे माझ्या घराच्या मागच्या पत्र्याकडे बघत थांबले. देवाला खोळंबवल्याची लाज काय असते ती मला तेव्हा कळली. पंचवीस जण पंचवीस दिशांना हात करून "रिवर्स, रिवर्स" ओरडत होते. नादस्वरवाल्याने बघितलं की इथे वेळ जाणार, त्याने डोळे मिटले आणि राग आळवायला घेतला. घर सुटलं तेव्हा त्याचा राग संपत आला होता. एक आजोबा मुद्दाम खिडकीशी येऊन मला म्हणाले, "तुमच्यामुळे आज पूर्ण ऐकायला मिळालं. नाहीतर हल्ली कोपऱ्यापर्यंतच वाजवतात."

मग आरटीओ. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज बघून विचारलं की ही शेतीची ट्रॉली आहे की मालाची. मी म्हटलं घर आहे. तो म्हणाला घराची नोंद दुसऱ्या ऑफिसात. दोन दिवस या वाक्यावरच गेले. तिसऱ्या दिवशी विशालाक्षी नावाच्या इन्स्पेक्टरबाई बाहेर आल्या. तिशीच्या असतील, खाकी साडी, हातात पोलादी फीत. त्यांनी फितीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "सार, जरा धरा."

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण भूमापन खात्यात फितीची दोन टोकं असतात. आकडा वाचणारं टोक साहेबाचं आणि शून्याचं टोक शिपायाचं. छत्तीस वर्षांत मी शून्याचं टोक धरलं नव्हतं. मी ते धरून दांडीच्या पुढच्या कडीपाशी वाकून उभा राहिलो, आणि त्या मागच्या बाजूला जाऊन ओरडल्या, "सहा चाळीस!"

"पाच वीस," मी वाकूनच म्हणालो. "ही दांडी आहे."

"दांडीसकट मोजायचं असतं सार."

मी त्यांना समजावून सांगितलं. माणसाची उंची मोजताना आपण वर केलेला हात धरत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "त्या हाताने दुसऱ्याला धरलेलं असेल तर धरावा लागतो, सार. रस्त्यावर तेवढी जागा लागतेच." नंतर त्यांनी जीपही मोजली, बेरीज केली, पुस्तक उघडून दाखवलं. दोन्ही मिळून जेवढं लांब चालतं त्याच्या आम्ही पुष्कळ आत होतो. म्हणजे कायद्याला माझ्या लांबीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार कागदाची होती. ड्रॉइंगवर एकूण पाच वीस मंजूर आणि समोर सहा चाळीस उभी. "नवीन ड्रॉइंग मंजूर करून आणा. दोनतीन महिने लागतील," त्या म्हणाल्या. गायत्रीला आठवा संपत आला होता.

दोनतीन महिन्यांनी जाऊन मी काय करणार होतो? बाळाला बघायला पाहुणे जातात, तसा जाणार. मी घरी आलो, जीप लावली आणि अंधार पडेपर्यंत मागच्या घरात जाऊन बसलो. कामाक्षीच्या सतरंजीवर. खऱ्या घरापेक्षा तिथे बरं वाटत होतं, कारण ते निदान कुठेतरी जायला तयार उभं होतं.

सातला फोन आला. गाडीचा फोटो मी तिला सकाळीच पाठवला होता, आरटीओत जायच्या आधी, हार घालून काढलेला.

"अप्पा, केवढं हे!" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण अप्पा, फार लांब आहे हो."

आरटीओवाली बाई म्हणाली ते म्हणाली. आता पोटची मुलगी नुसता फोटो बघून तेच सांगते.

"लांब वाटते तुज?"

"वाटते म्हणजे? आहेच लांब. घरात सगळे तेच म्हणतात. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, एवढं लांब कसं जमणार त्यांना या वयात?"

"कमी केली तर?"

"कमी कशी होणार अप्पा? आहे ती आहे."

"ते मजवर सोड," मी म्हणालो, आणि फोन ठेवला. त्यांच्या सोसायटीचं फाटक लहान असणार, तिथे मावत नसणार, व्याह्यांसमोर तिची पंचाईत होत असणार. बिचारी तोंडावर सांगत नाही एवढंच. आणि एकदा मनात लांबी आली की भूमापकाच्या डोक्यात आकडे आपोआप मांडले जातात. सहा चाळीसमधून एक वीस गेले की पाच वीस. दांडीसकट पाच वीस. ड्रॉइंगवरचा आकडा बरोबर तोच. म्हणजे मागून चार फूट कापले की आरटीओ खूश, मुलगी खूश, नवीन मंजुरी नको, काही नको. मला इतका आनंद झाला की मी अनंतकृष्णांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोच्या हातचा उपमा खाल्ला.

सुंदरेशला मात्र ते आवडलं नाही. स्वतः केलेली वस्तू स्वतः कापायची म्हणजे कोणालाही जिवावर येतं. खडूने रेघ मारून त्याने आत डोकावलं.

"सार, अम्मांचा बाक जातोय."

"जाऊ दे."

"अम्मा रागावणार नाहीत?"

"नाहीत," मी म्हणालो. सतरंजी घडी करून मी काखेत धरली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. पत्रा कापायचं यंत्र दोन तास किंचाळत होतं. मला रडू आलं, पण ठिणग्यांकडे बघितल्यामुळे डोळ्यांना पाणी येतं असं तिथल्या एका कामगाराने आपणहून सांगितलं आणि मला पाण्याची बाटली दिली. मी ते कारण घेतलं.

पुढच्या सोमवारी विशालाक्षीबाईंनी पुन्हा फीत काढली. या वेळी मी न सांगता शून्याचं टोक धरलं. "पाच वीस," त्या मागून म्हणाल्या, मग पुढे येऊन एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या आखूड झालेल्या घराकडे बघून म्हणाल्या, "सार, मी ड्रॉइंग बदला म्हटलं होतं. गाडी नव्हे." पण सही केली. चाकं, दिवे, कडी, साखळी, सगळ्यांच्या मापांचा एक कागद झाला, त्यावर गोल शिक्का. सरकारी कागदावर आपला आकडा आला की मला अजूनही बरं वाटतं. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला.

सातला फोन वाजला तेव्हा मी विजयी वीराच्या थाटात बसलो होतो.

"गायत्री, आता लांब नाही."

"काय?"

"लांब नाही आता. चार फूट कापली मागून. तुमच्या सासूबाईंस सांग, आता कोणास काही म्हणावयास नको."

मी पाकिटातला गोल शिक्का पुन्हा एकदा बघून घेतला.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही गाडी कापलीत?"

"तूच ना म्हणालीस, फार लांब आहे?"

"लांब म्हणजे नीळम नव्हे हो अप्पा." तिच्या तोंडून मापाच्या लांबीचा तमिळ शब्द निघाला तशी ती अडखळली. "लांब म्हणजे दूरम. इकडे दूरला लांब म्हणतात. मी म्हणत होते, पुणं फार लांब आहे, तुम्ही एकटे कसे येणार."

आमच्या घरात दूरला दूर म्हणतात. काठी लांब असते, केस लांब असतात, दोरी लांब असते. गाव दूर असतं. गावसुद्धा लांब असू शकतं हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा माझा राग निघाला कशावर, तर पुण्याच्या मराठीवर.

"म्हणजे येऊ नका म्हणत होतीस," मी म्हणालो.

"तसं नाही अप्पा. तुम्हाला त्रास नको. इथे सगळे आहेत. सासूबाई आहेत, नणंद येणार आहे, बाई ठेवली आहे. माझी काळजी नका करू."

"तुझी काळजी नाही गे," मी म्हणालो. हे मी म्हणणार आहे हे मला म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. "तुजकडे सगळे आहेत ते मज ठाऊक आहे. मजकडे कोणी नाही. मी तुजसाठी नव्हतोच येत. मजसाठी येत होतो."

छत्तीस वर्षं नुसते आकडे सांगितलेला माणूस असं काही बोलला होता. मला वाटलं आता ती रागावेल, किंवा डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला लागेल. ती रडत होती. नाक ओढायचा आवाज लहानपणी होता तसाच आहे अजून.

"अप्पा, मी लांब म्हणायला कधी लागले, मज कळलंच नाही," ती म्हणाली. "इकडे मी बोलले की हसतात. वाईट मनाने नाही हो, चांगली माणसं आहेत. पण मी 'मज' म्हटलं की नणंद हसते, 'कशास' म्हटलं की हे हसतात. मग मी त्यांच्यासारखं बोलू लागले. दिवसभर जपून बोलते. सात वाजेतो जीभ दमते माझी. आणि तुम्हास फोन लावला की तेच तोंडातून निघतं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. रोज सातला मी तिला जेवणाबद्दल खोटं सांगत होतो आणि ती मला सगळं छान आहे म्हणून सांगत होती. दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून तो फोन असा चालवला होता.

"बोला ना अप्पा," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. आपलं बोला."

आता ऐनवेळी काहीही कुठून आणायचं? कामाक्षीला ते जमायचं. ती वांग्याच्या भावावरून सुरू करून कोणाच्या तरी लग्नापर्यंत जायची आणि मुलगी हुंकार देत राहायची. माझ्यासमोर प्लास्टिकच्या पाकिटातला तो कागद होता. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. जिपेची लांबी अमुक. घराची लांबी दांडीसकट पाच मीटर वीस. रुंदी अमुक, उंची अमुक. दांडीची कडी जमिनीपासून इतकी वर. मागचे तांबडे दिवे दोन, ते कडेपासून इतके आत. साखळी एक, तिचे दुवे बाईंनी मोजले नव्हते, मी मोजले, ते सतरा. इंग्रजी कागद होता, पण मी तो आमच्या भाषेत सांगत गेलो, आणि प्रत्येक आकड्यानंतर ती "हो" म्हणत होती. मध्ये एकदा म्हणाली, "बाळ लाथ मारतंय." मी थांबलो तर म्हणाली, "थांबू नका."

कागद संपला. मी शिक्क्यावरची अक्षरंही वाचली. मग वाचायला काही उरलं नाही.

"केव्हां निघतां?" तिने विचारलं.

"शुक्रवारी सकाळी."

"इकडे फाटकाशी जागा धरून ठेवते. जेवण तुम्हीच करा, मी तुमच्याकडे येईन जेवावयास. डांगर पच्चडी करा, उडदाचं पीठ दह्यात कालवून. इकडे कोणास येत नाही."

"हो."

"आणि घाई करू नका, अप्पा. सावकाश या," गायत्री म्हणाली. "दूर आहे."